हिराबाई बडोदेकर : नाव, पदर आणि छायाचित्र

विसाव्या शतकातील हिंदुस्थानी संगीताचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बंदिशींचे संग्रह, ध्वनिमुद्रिका, शिष्यांच्या आठवणी आणि संस्थांचे अहवाल यांचा साधने म्हणून उपयोग करतात. मात्र तबकड्यांच्या सूचिपत्रांतून, रेडिओच्या कार्यक्रमपत्रिकांतून आणि संगीतविषयक नियतकालिकांतून छापल्या गेलेल्या छायाचित्रांकडे पुरावा म्हणून क्वचितच पाहिले जाते. मजकुराला शोभा आणणारी गोष्ट एवढेच त्यांचे मोल मानले जाते. वस्तुतः गायकाचे छापील छायाचित्र केवळ त्याचा चेहरा दाखवीत नसे. तो कोणत्या समाजाचा, कोणत्या थरातला, त्याच्या पुढ्यात बसणे प्रतिष्ठितांना शोभेल की नाही, हे सारे त्या चित्रातील पोशाखावरून, बैठकीवरून आणि खालच्या नावावरून वाचकाने ओळखावे, अशीच त्याची मांडणी असे. हिराबाई बडोदेकर यांचे चरित्र या दृष्टीने वाचले, तर त्यांच्या गायनाविषयी आजवर सांगितल्या गेलेल्या काही गोष्टींचा अर्थ अधिक स्पष्ट होतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

या दृष्टीमागे थोडे स्थानमाहात्म्यही आहे. हे लेखन रायपूरजवळच्या सिलतरा येथे होत आहे. हे गाव आज लोखंड-पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. रायपूरचा मुलूख १९५६ पर्यंत नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांतात मोडत होता आणि नोकरी-व्यवसायानिमित्त येथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मुंबई-पुण्याच्या बैठकी सहजासहजी लाभत नसत. नागपूरचे आकाशवाणी केंद्रदेखील १९४८ साली सुरू झाले. अशा दूरच्या श्रोत्याला गायिका भेटत असे ती आधी तबकडीतून, मग रेडिओतून आणि या दोहोंच्या जोडीने कागदावरच्या चित्रातून. ज्यांनी हिराबाईंना समोर बसून ऐकले त्यांना चित्राची गरज नव्हती. ज्यांनी ऐकले नाही त्यांच्यासाठी चित्र हीच बैठक होती.

हिराबाईंचा जन्म मे १९०५ मध्ये मिरज येथे झाला. वडील अब्दुल करीम खाँ उत्तर हिंदुस्थानातील कैराना या गावच्या गायक-वादकांच्या घराण्यातील. बडोद्याच्या दरबारात गायक म्हणून असताना सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. ताराबाईंचे घराणे बडोद्याच्या राजकुळाच्या नात्यातले. अर्थातच हा संबंध तेथे मान्य होण्यासारखा नव्हता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उभयतांनी बडोदे सोडले. पुढे मिरज, पुणे, मुंबई अशी त्यांची वसती होत गेली. १९१३ मध्ये पुण्यात खाँसाहेबांनी आर्य संगीत विद्यालय स्थापन केले. मुसलमान उस्तादाने आपल्या शाळेला आर्य हे विशेषण द्यावे, ही गोष्ट त्या काळच्या पुण्याविषयी पुष्कळ काही सांगून जाते. पण तो विषय वेगळा आहे.

या दांपत्याला पाच अपत्ये झाली. घरात त्यांची नावे अब्दुल रहमान, चंपाकली, गुलाब, अब्दुल हमीद आणि सकीना अशी होती. १९२० च्या आसपास ताराबाई मुलांसह खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या आणि मुलांची लौकिक नावे पालटली. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले, अब्दुल हमीद कृष्णराव माने झाले. चंपाकली हिराबाई, गुलाब कमलाबाई आणि सकीना सरस्वतीबाई झाली. मुलग्यांना आईच्या माहेरचे आडनाव मिळाले. हिराबाई आणि कमलाबाई यांना मात्र बडोदेकर हे गावावरून साधलेले आडनाव लाभले, आणि धाकट्या सरस्वतीबाई विवाहानंतर राणे या आडनावाने प्रसिद्ध झाल्या.

या नामांतराकडे चरित्रकार बहुधा कौटुंबिक कलहाचा एक भाग म्हणून पाहतात. परंतु गायिकेचे नाव त्या काळी तबकडीच्या चिठ्ठीवर आणि छायाचित्राच्या खाली छापले जात होते, आणि ते वाचणाऱ्याला त्यातून तिचे कूळ कळत असे, ही गोष्ट येथे ध्यानात घेणे अगत्याचे आहे. गोमंतकातील कलावंत समाजाच्या गायिका आपल्या मूळ गावावरून नाव लावीत. केरीच्या त्या केरकर, कुर्डीच्या त्या कुर्डीकर. या नावांत पित्याचा निर्देश नसे, आणि जाणत्या वाचकाला तेवढा संकेत पुरेसा होता. दुसरीकडे गावावरून आलेली आडनावे सर्व जातींच्या मराठी कुटुंबांत रूढ असल्यामुळे अजाणत्या वाचकाला त्यात वावगे काही दिसत नसे. बडोदेकर हे नाव या दोन्ही वाचनांच्या मधोमध उभे आहे. त्यात कैराना नाही आणि माने घराणेही नाही. ज्या शहरातून आईवडिलांना बाहेर पडावे लागले ते शहर मात्र आहे. पित्याचे नाव सांगावे तर मुसलमान उस्तादाची कन्या, मातेचे सांगावे तर सरदारघराण्यातील लोकापवादाचा विषय. या पेचातून काढलेली ही वाट होती आणि ती ताराबाईंनी विचारपूर्वक काढली असावी, असे म्हणावेसे वाटते.

नावाच्या उत्तरार्धातही असाच एक पेच आहे. मराठीत बाई हा शब्द आदरार्थी. राणीपासून शाळेतील शिक्षिकेपर्यंत कोणाच्याही नावापुढे तो शोभतो. उत्तर हिंदुस्थानात मात्र गायिकेच्या नावापुढील बाई म्हणजे कोठ्यावरची गाणारी. सबब एकच छायाचित्र आणि त्याखालचे एकच नाव पुण्यात एक अर्थ देई आणि लखनौ-कलकत्त्याकडे दुसरा. उत्तरेकडील गायिकांनी कालांतराने हा शब्द टाकून देवी वा बेगम हे शब्द स्वीकारले. अख्तरीबाई फैजाबादी विवाहानंतर बेगम अख्तर झाल्या, हे उदाहरण सर्वश्रुत आहे. हिराबाईंना मराठी भाषेनेच आसरा दिला. त्यांनी बाई हा शब्द सोडला नाही, आणि ज्या प्रांतात त्याचा दुसरा अर्थ होता तेथेही त्या तो घेऊनच गेल्या.

आता त्या काळच्या चित्रांकडे वळू. १९०२ मध्ये हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झाले तेव्हा यंत्रापुढे गाण्यास तयार झालेल्या स्त्रिया बहुतांशी व्यावसायिक गायिकांच्या वर्गातल्या होत्या. कलकत्त्याच्या गौहरजान त्यांत अग्रणी. त्यांची चित्रे सूचिपत्रांतून आणि पोस्टकार्डांवरून देशभर पोहोचली. भरजरी वस्त्रे, अंगभर दागिने, दृष्टी थेट पाहणाऱ्याकडे, असा या चित्रांचा साचा होता. उस्तादांचा साचा निराळा : डोक्यावर फेटा, छातीवर संस्थानिकांनी दिलेली पदके, हाती तंबोरा अथवा काठी. अब्दुल करीम खाँची फेट्यातील, टोकदार मिशांची मुद्रा याच साच्यातली असून आजही तीच सर्वत्र छापली जाते. विष्णु दिगंबर पलुसकरांच्या पठडीतून तिसरा साचा घडत होता, तो शिक्षकाचा. येथे एकट्या गायकाऐवजी गुरू, शिष्यांच्या रांगा आणि मांडून ठेवलेली वाद्ये. शाळेच्या वार्षिक छायाचित्रासारखी सगळी शिस्त. दरबारी उस्ताद, बाजारातील गायिका आणि सुशिक्षित समाजातील पंडित हे तीन समाजघटक छापील पानावर असे वेगवेगळे बसविले गेले होते.

यांपैकी कोणत्या चौकटीत हिराबाईंना बसवावे? त्या कलावंत समाजात जन्मल्या नव्हत्या, कोठ्यावरच्याही नव्हत्या. उस्तादाची मुलगी उस्तादाच्या चौकटीत येऊ शकत नव्हती, आणि पांढरपेशा घरातील कन्येने परपुरुषांपुढे गाणे अद्याप संमत नव्हते. त्यांच्यासाठी चौकटच उपलब्ध नव्हती.

त्यांची तालीम खाँसाहेबांचे भाऊबंद उस्ताद अब्दुल वहीद खाँ आणि थोरले बंधू सुरेशबाबू यांच्याकडे झाली. अब्दुल वहीद खाँची विलंबित लयीतील संथ, एकेका स्वराला पुरता अवकाश देणारी आलापी आणि पित्याकडून रक्तातच आलेला स्वराचा गोडवा, यांचा त्यांच्या गळ्यात संगम झाला. १९२१ च्या सुमारास मुंबईत पलुसकरांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत त्या गायल्या, आणि पुढे तिकिटे लावून सार्वजनिक सभागृहांत स्त्रीचे गाणे करण्याचा प्रघात त्यांनी पाडला. येथे तिकिटाचे महत्त्व केवळ आर्थिक नव्हते. खाजगी बैठकीत यजमान गायिकेला बोलावतो, तिच्याशी त्याचे काय नाते याविषयी इतरांना तर्क करता येतात. तिकीट काढून येणारा श्रोता सर्वांच्या देखत खुर्चीवर बसतो, गाणे ऐकतो आणि घरी जातो. त्याच्यासोबत पत्नी व मुली येऊ शकतात. पैशाचा व्यवहार खिडकीवर उरकलेला असतो.

अशा सभागृहात हिराबाई ज्या रीतीने बसत, तिचे वर्णन त्यांना ऐकलेल्या सर्वांनी जवळपास सारखेच केले आहे. साधी साडी, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला पदर, मोजके दागिने, ताठ बैठक, चेहऱ्यावर आकांडतांडव नाही, हातवारे नाहीत. हे केवळ स्वभावातील सौम्यतेमुळे घडले असे म्हणून पुष्कळ जण थांबतात. स्वभाव सौम्य होताच. तथापि गौहरजानच्या चित्राशेजारी हे चित्र ठेवले, म्हणजे त्यातील प्रत्येक गोष्ट कशाला तरी दिलेले उत्तर आहे हे दिसू लागते. दागिन्यांच्या जागी साधेपणा, थेट नजरेच्या जागी स्वरात गुंतलेली दृष्टी आणि उघड्या खांद्यावरून वळविलेल्या पदराच्या जागी अंगभर पदर. छायाचित्रकाराला यात भर घालण्यासारखे फारसे काही उरत नसे. ती बैठक स्वतःच छायाचित्राची मांडणी होती.

या उत्तराची किंमत संगीतालाही द्यावी लागली किंवा संगीताला त्याचा लाभ झाला, दोन्ही प्रकारे हे मांडता येईल. ठुमरीचे उदाहरण घ्यावे. पूरबेकडे ठुमरी ही मुळात गायची आणि दाखवायची चीज. शब्दाचा भाव चेहऱ्याने आणि हाताने उलगडणे हा तिच्या रचनेचाच भाग. अब्दुल करीम खाँनी ठुमरीला या अभिनयापासून अलग करून तिला जवळजवळ करुण प्रार्थनेचे रूप दिले होते. हिराबाईंनी त्याच वाटेने पुढे जाऊन हाताचे काम पूर्णतः स्वराकडे सोपविले. शब्दावरचा आघात हळुवार झाला, मींड लांबली, मुरकी नाजूक झाली. पूरब अंगाच्या रसिकांना अशी ठुमरी फिकी वाटण्याचा संभव आहे, आणि त्यांची तक्रार अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. परंतु ख्याल, ठुमरी, नाट्यपद आणि शेवटी भजन असा जो कार्यक्रमाचा क्रम मराठी श्रोत्यांच्या अंगवळणी पडला, त्यात ठुमरीला कुटुंबासह ऐकण्याजोगी जागा मिळाली ती या हात न हलविणाऱ्या गायकीमुळे. चित्रातला संयम येथे थेट गळ्यात उतरला आहे.

रंगभूमीवरील त्यांच्या पर्वाचा उल्लेखही याच संदर्भात करावा लागतो. त्या काळी मराठी संगीत नाटकातील आदर्श स्त्री एक पुरुष होता. बालगंधर्वांच्या स्त्रीवेषातील छायाचित्रांवरून मध्यमवर्गीय स्त्रिया साडी नेसण्याची, फुले माळण्याची ढब उचलत होत्या. अशा वेळी ताराबाईंनी आपल्या नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा १९२९ मध्ये उभी केली, आणि स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी, पुरुषांच्या पुरुषांनी करावयाच्या, असे ठरविले. हिराबाई सुभद्रा झाल्या. भावंडेही रंगमंचावर होती. भाऊ-बहिणी एकाच नाटकात, ही गोष्ट आक्षेप घेणाऱ्यांसाठी ढालीसारखी उपयोगी पडली असणार. नाट्यमन्वंतर संस्थेच्या १९३३ मधील प्रयोगाला मराठी नाट्येतिहासात जे स्थान मिळाले, ते या आधीच्या प्रयत्नाला मिळालेले नाही. कदाचित त्या नाटकांचे संगीत जुने होते म्हणून, कदाचित त्या कुटुंबाला कोणत्या समाजाचे म्हणावे हे ठरविता आले नाही म्हणून. मंडळी कर्जात बुडाली आणि काही वर्षांतच बंद पडली. हिराबाई मैफलीकडे परतल्या. काही बोलपटांतही त्यांनी कामे केली, त्यांत १९३७ मधील प्रतिभा हा एक. पण पडद्यावर त्यांचे मन रमले नाही.

दरम्यान छापील छायाचित्राला नवे वाहन मिळाले होते. ऑल इंडिया रेडिओचे इंडियन लिसनर हे इंग्रजी पाक्षिक गायक-गायिकांची छोटी छायाचित्रे कार्यक्रमांच्या वेळांसह छापीत असे. एकाच पानावर उस्ताद, पंडित, मिस, मिसेस, बाई, जान अशी नावे शेजारीशेजारी येत. चित्रे सारख्या आकाराची. फरक राही तो नावाच्या आगेमागे. हे पान समतेचे म्हणावे की वर्गवारीचे, याचा निर्णय सोपा नाही. पुढे १९४६ नंतर, सरदार वल्लभभाई पटेल यांच्याकडे नभोवाणी खाते असताना, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादाचा विषय आहे अशा गायिकांना रेडिओवर स्थान देऊ नये, असे धोरण आले, आणि पानावरची वर्गवारी थेट प्रवेशाची अट बनली. हिराबाईंना या धोरणाचा जाच झाला नाही. त्यांनी गेल्या पाव शतकात स्वतःची जी प्रतिमा घडविली होती, ती नेमकी याच अटीत बसणारी होती.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. हिराबाईंच्या बैठकीने पांढरपेशा घरांतील मुलींना गाण्याचा मार्ग मोकळा केला, हे निर्विवाद. संगीताची कौटुंबिक परंपरा नसलेल्या घरातून आलेल्या प्रभा अत्रे सुरेशबाबूंकडे आणि हिराबाईंकडे शिकल्या व आद्य श्रेणीच्या गायिका झाल्या. असे विद्यार्थी पूर्वी उस्तादाच्या दारात पाऊल टाकू शकत नव्हते. परंतु संभावित गायिका कशी दिसते याचा जो नमुना तयार झाला, त्याच्याच मापाने उरलेल्या गायिका मोजल्या जाऊ लागल्या. जिचे दागिने अधिक, जिचा हात हलतो, जिच्या नावापुढे जान आहे, ती या चौकटीबाहेर पडली. सारंगीसारखे वाद्यही कोठ्याच्या आठवणीमुळे मागे सरकले. दोष हिराबाईंचा नव्हे. त्या स्वतः बहिष्काराच्या उंबरठ्यावर जन्मल्या होत्या आणि आपल्या वाट्याला आलेली वाट त्यांनी अत्यंत शालीनतेने चालून दाखविली. तथापि त्यांच्या शालीनतेची स्तुती करताना आपल्या लेखकांनी दुसऱ्या स्त्रियांना वारंवार तोलून हलके ठरविले, ते हिराबाईंच्या गाण्यात कुठेही नव्हते. मराठी संगीतसमीक्षेतील सोज्ज्वळ हे आवडते विशेषण जेथे जेथे येते, तेथे कोणाला उद्देशून आणि कोणाच्या विरोधात ते आले आहे हे तपासून पाहावे.

१९४७ मध्ये बा. र. देवधर यांच्या संपादनाखाली संगीत कला विहार हे मासिक सुरू झाले. संगीताविषयी मराठीतून सातत्याने आणि जाणतेपणाने लिहिणारे असे व्यासपीठ पूर्वी नव्हते. पलुसकरांचे शिष्य असूनही देवधरांनी उस्तादांविषयी ज्या जिव्हाळ्याने लिहिले, त्यामुळे छायाचित्रातील फेटेवाले पुरुष वाचकांना माणसे म्हणून कळू लागले; त्यांच्या विक्षिप्तपणासह, त्यांच्या विद्येसह. गायिकांच्या बाबतीत असे लेखन मराठीत त्या मानाने उशिरा आणि थोडे झाले. त्यांची छायाचित्रे पुष्कळ, चरित्रे थोडकी.

हिराबाईंचा उत्तरकाल मानसन्मानांनी भरलेला होता. पूर्व आफ्रिका आणि चीन येथे त्या गाऊन आल्या. १९६५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९७० मध्ये पद्मभूषण त्यांना मिळाले. याच काळात धाकट्या बहिणीसह, सरस्वतीबाई राणे यांच्यासह, त्यांनी ख्यालाची जुगलबंदी रूढ केली. दोन स्त्रिया शेजारी बसून ख्याल गात आहेत, हे दृश्य तोवर अपरिचित होते. एक सूर सोडते आणि दुसरी तो उचलते, चढाओढ नाही. १९५३ मध्ये सुरेशबाबू निवर्तले होते. ज्या घराने पाच नावे बदलून जगाला सामोरे जाण्याचे ठरविले, त्या घरातील या दोघी होत्या. नोव्हेंबर १९८९ मध्ये हिराबाईंचे निधन झाले.

अब्दुल करीम खाँ ऑक्टोबर १९३७ मध्ये दक्षिणेतील प्रवासात एका लहानशा रेल्वे स्थानकावर निवर्तले आणि मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांचे दफन झाले. तेथील उरुसात ते दर वर्षी हजेरी लावीत. त्यांच्या पश्चात ही प्रथा त्यांच्या स्मरणार्थ चालू राहिली आणि दूरदूरचे गायक-वादक तेथे बिदागीची अपेक्षा न ठेवता गाऊ-वाजवू लागले. हिराबाईही तेथे गायल्या. या ठिकाणी सभागृह नव्हते, तिकीट नव्हते, छायाचित्राखाली छापावयाच्या नावाचाही प्रश्न नव्हता. मिरजेतील कोणालाही त्या कोणाच्या कन्या हे सांगावे लागत नव्हते.